रविवारी मुकी होणारी गाडी

रविवार, ५ जानेवारी २०२५

डावं दार गेलं! म्हणजे दार आहे जागेवर, त्यातला स्पीकर गेला. लोणीच्या पुढे आधी फर्र फर्र, मग खर्रर्र, मग काहीच नाही. उजवा एकटाच ओरडत राहिला, तोही सर्दी झाल्यासारखा. मूर्तिजापूर येईपर्यंत सहन केलं, मग बंदच करून टाकला.

बंद केल्याबरोबर नीलम म्हणाली, "बरं झालं. मी काय म्हणत होती—"

तेवढ्यात फोन वाजला. माझ्या खत-औषधांच्या दुकानाचं, दर्यापूरकडचं गिऱ्हाईक. हरभऱ्यावर घाटेअळी आली, काय मारू? मी गाडी बाजूला लावली आणि त्याला चांगलं ऐसपैस समजावलं. अळी कधी येते, का येते, पानाखाली कुठे बसते... इतकं मार्गदर्शन मी दुकानात उभ्या माणसालाही कधी केलं नसेल! फोन ठेवला तेव्हा नीलम खिडकीबाहेर बघत होती.

वाचलो. कुणापासून, तर स्वतःच्या बायकोपासून. कमाल आहे.

ती काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. सासूबाई दिवाळीआधी गेल्या. नत्थुजी — माझे सासरे — तेव्हापासून अकोल्याच्या घरात एकटे. गुडघे गेले, हट्ट शाबूत. शेजारच्या मावशी डबा देतात, आम्ही दर रविवारी अमरावतीहून जाऊन येतो. नीलम एकुलती एक. "बाबा, आमच्याकडे राहायला चला," म्हणून तिनं किती विनवलं. एकच उत्तर — "लेकीच्या घरी बाप रायत नसते." सासूबाई होत्या तेव्हाही हा माणूस आमच्याकडे यायचा, चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

मग आता उरलं काय? तर हीच तिकडे जाणार. परवा फोनवर तिच्या शाळेतल्या चंदाबाईंशी बोलताना ऐकलं, "अकोल्याले जागा खाली आहे म्हणतात." झालं. बदली घेणार, बापाजवळ राहणार. लेक आचल पुण्याला नोकरीत, ही अकोल्यात, आणि मी या घरात भिंतींना खतांचे भाव सांगत बसणार.

म्हणून गाडीत गाणी हवीत. उद्या वलीकडे जातो.


सोमवार, ६ जानेवारी

वली इतवारा बाजारात गाड्यांचे टेप-स्पीकर बसवतो. दुकान एवढंसं, आवाज केवढा! त्यानं डाव्या दाराचं पॅड काढलं आणि स्पीकर माझ्या हातात दिला. कागदाची किनार पापडासारखी मोडली.

"भाऊ, दारात पाणी उतरते. कागदच आहे शेवटी, लोखंड थोडंच आहे? उजव्याचीबी येच हालत असन."

"मग दोन्ही बदल."

"गाडी दोन हजार नऊची, तिच्यात नवे स्पीकर? पाहा बाप्पा, इतकं तर लग्नात नाई सजवलं असन तुमी तिले."

बदलले. वाजवून पाहिले. काय आवाज! तबल्याचं बोटन् बोट ऐकू येतं. इतवाऱ्यापासून घरापर्यंत उगाच लांबचा फेरा घेऊन आलो.


शनिवार, ११ जानेवारी

आचलनं दिवाळीत भरून दिलेला पेनड्राइव्ह लावून ठेवला. अकोल्यापर्यंत पुरून उरेल. उद्याची तयारी झाली!


रविवार, १२ जानेवारी

काय हे!

बडनेऱ्यापर्यंत छान वाजत होते. तिथे पंपावर नेहमीप्रमाणे उतरलो, चारी चाकांची हवा पाहिली, स्टेपनीचीही पाहिली. एकदा टायर फुटून उन्हात उभं राहावं लागलं होतं, तेव्हापासून हवा पाहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. परत येऊन बसलो, किल्ली फिरवली — शांत. टेपवरचे दिवे नाचतायत, गाण्याचे सेकंद पुढे सरकतायत, आवाज शून्य. एक नाही, दोन्ही दारं मुकी!

ठोकून पाहिलं. आवाज वाढवला, कमी केला. नीलम म्हणाली, "नाई वाजत तर नाई वाजत. गाडी चालवा न."

तो रस्ता आता इतका गुळगुळीत झालाय, की खड्ड्यांना शिव्या द्यायचीही सोय राहिली नाही. गाडीत श्वास ऐकू येत होते. मी दुकानातला स्टॉक तोंडानं मोजायला लागलो. नीलमनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

अकोल्यात नत्थुजींनी विचारलं, "आज लवकर आले जवाईबुवा?" लवकर येणारच, दुसरं काही करायलाच नव्हतं. गाडी हाकलली नुसती.


सोमवार, १३ जानेवारी

सकाळी किल्ली फिरवली आणि दोन्ही दारांतून गाणं असं फुटलं, की शेजाऱ्यांचं कुत्रं उडालं. तीच गाडी, तेच स्पीकर. बोट लावलं नव्हतं मी!

वलीकडे गेलो. त्याच्यासमोरही वाजतायत. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "भाऊ, गाडी बिमार नाई. तुमाले वहम झाला."

वहम! मला!


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. नीलमनं तिळगूळ हातावर ठेवला. "गोड बोला" म्हणाली नाही. "बोला" एवढंच म्हणाली.

दुकानात घाई होती. गेलो.


गुरुवार, १६ जानेवारी

आज दुकान लवकर बंद करून स्वतःच मैदानात उतरलो. माझा तर्क असा — दार आणि गाडी यांच्या मधे रबराची नळी असते, तिच्यातून तारा जातात. दार उघडा-बंद करून त्या आत तुटतात. कधी टोकाला टोक लागतं, कधी नाही. म्हणूनच सोमवारी वाजते आणि रविवारी नाही! बडनेऱ्याला मी दार उघडतो, तिथेच तार सुटते. बरोब्बर!

उजव्या दाराचं पॅड काढलं. तीन क्लिपा तुटल्या. काच सरकन आत गेली ती हात घालून वर ओढली, कोपर सोलवटलं. स्पीकरच्या तारांना घड्याळाचा सेल लावला, स्पीकर टक् म्हणाला. म्हणजे जिवंत आहे. मग नळीतल्या तारा ओढून पाहिल्या. धडधाकट! तरी चिकटपट्टी गुंडाळली, आपल्या समाधानासाठी. पॅड परत लावल्यावर एक स्क्रू उरला. कुठला, देव जाणे.

डाव्या दाराचं काय, हा प्रश्न आहेच. दोन्ही तारा एकाच वेळी कशा तुटतील? पण तर्क चांगला होता.

नीलम पायरीवर उभी होती. "एवढं काय अडलं आहे त्या गाण्यावाचून?"

"प्रवासात करमत नाही."

"मी असते ना बाजूले."

मी स्क्रू शोधत राहिलो.


रविवार, १९ जानेवारी

बडनेरा. हवा. परत बसलो. मुकी.

या वेळी फोनवर गाणी लावली आणि फोन पुढे टेकवला. नीलमनं उचलून पर्समधे टाकला. "त्याची किरकिर नका लावू, डोकं उठते. आचलचा फोन येईन तर कळन."

मग मी पाट्या वाचायला लागलो. लोणी. कुरूम फाटा. अमुक ढाबा, तमुक पाइप्स, शुद्ध शाकाहारी. मोठ्यांदा वाचतोय! ती म्हणाली, "बाबाचं काय करायचं, एकदा बोलू ना आपण." मी म्हणालो, "माना आलं." ती म्हणाली, "आयकून राहिले का तुमी?" मी म्हणालो, "मूर्तिजापूर किती जवळ आलं बघ आता या रस्त्यानं!"

मला माझाच राग येत होता. पण तोंड थांबेना.

अकोल्यात ती ओट्याशी भांडी घासत होती, मी आणि नत्थुजी बाहेर खुर्च्या टाकून. त्यांनी विचारलं, "अमरावतीले थंडी कशी आहे?" म्हटलं, इथल्यासारखीच. "तुमच्या घराले पायऱ्या किती?" म्हटलं, चार. "कठडा आहे काय?" म्हटलं, आहे. म्हाताऱ्या माणसाला वेळ जात नाही, पाहिलेल्या घराबद्दलही काहीबाही विचारत बसतो. मग म्हणाले, "तुमच्याकडे पाणी रोज येते काय?" आता हे काय विचारणं झालं? माझं लक्ष गाडीकडे होतं. मधेच उठून चालू करून पाहिली. मुकीच.

एकदा मनात आलं, आपणच म्हणावं का यांना, चला म्हणून? पण सख्ख्या लेकीला नाही म्हणणारा माणूस मला काय हो म्हणणार! उगाच पाणउतारा. आणि समजा हो म्हणाले, तर? हा विचार मी तिथेच सोडला.


सोमवार, २० जानेवारी

वाजते! मी हात जोडतो आता.


शुक्रवार, २४ जानेवारी

उंदीर असावा का? गाडीत पिंजरा ठेवला. भजं लावलं. सकाळी भजं गायब, पिंजरा उघडा, उंदीर नाही. स्पीकर उत्तम.

नीलमला सांगितलं. ती इतकी हसली, की खुर्चीवर बसली. पुष्कळ दिवसांनी हसली अशी. मलाही हसू आलं. मग मी उठून रेडिओ लावला.


रविवार, २६ जानेवारी

नीलमच्या शाळेत झेंडावंदन, म्हणून उशिरा निघालो. पांढऱ्या साडीत ती चांगली दिसत होती. मी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

बडनेऱ्यानंतर मुकी. आता मला आश्चर्यही वाटेनासं झालंय.

माना गेल्यावर तिनं सरळ सुरुवात केली. "चंदाबाई म्हणे, अकोल्याले जागा आहे. अर्ज या महिन्याच्या पुढे—" रस्त्याच्या कडेला एक माणूस टोपल्या मांडून बसलेला दिसला. करकचून ब्रेक मारला! उतरलो आणि टोपलीभर संत्री घेतली.

संत्री! अमरावतीचा माणूस अकोल्याच्या वाटेवर संत्री विकत घेतो! ज्याच्या दुकानात वरूडचे शेतकरी पोत्यानं संत्री आणून टाकतात! तो विकणारासुद्धा गाडीचा नंबर पाहून म्हणाला, "काहून भाऊ, तिकडे आली नाई काय औंदा?"

नीलम टोपली मांडीवर घेऊन बसली. नत्थुजींनी एक सोलून खाल्लं आणि म्हणाले, "आंबट आहे."


सोमवार, २७ जानेवारी

वलीला म्हटलं, आता टेपच बाहेर काढ. मला आतडं पाहायचं आहे.

टेप आधीच ढिला, एका बाजूची पट्टी केव्हाच तुटली आहे. त्यानं बाहेर ओढला. मागे तारांचा जुडगा. त्यातला एक पांढरा प्लग दाखवला, चारी तारा स्पीकरच्या. "हा पाहा, कट्ट करून बसते. खटका दाबल्याशिवाय निघत नाई. खड्ड्यात गेली गाडी तरी नाई निघत."

"मग रविवारी काय होतं?"

"तुमीच सांगा, रविवारी तुमी काय काय करता?"

सांगितलं. सकाळी निघतो, बडनेऱ्याला हवा पाहतो, मग मुकी.

वलीनं पुष्कळ विचार केला. "मंग हवा पाहू नका."

हा मेकॅनिक आहे की माझा मेव्हणा!


गुरुवार, ३० जानेवारी

आज गल्ल्यावर बसून काहीच सुचेना. गिऱ्हाइकाला तणनाशकाच्या जागी बुरशीनाशक देत होतो, त्यानंच थांबवलं.

खरं लिहितो. इथे कोण वाचणार आहे? मला भीती वाटते. घरात मला आवाज लागतो, सगळे हसतात त्यावरून. सकाळी रेडिओ, दुकानात टीव्ही, गाडीत गाणी. आचल गेली तेव्हा तिच्या खोलीतला पंखासुद्धा मी उगाच चालू ठेवायचो. नीलम गेली तर? संध्याकाळी कुलूप मी काढायचं. आत कुणी नाही. कुकरची शिट्टी नाही, वह्या तपासताना तिचं ते स्वतःशी पुटपुटणं नाही. मी काय करू तिथे?

तिच्या बापाला माणूस हवा, हे मला कळतं. न कळण्याइतका मी गाढव नाही. पण "जा" हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. आणि "जाऊ नको" म्हणायला तोंड कुठलं? म्हणून तिनं विचारूच नये. विचारलं नाही तर उत्तर द्यावं लागत नाही.

स्पीकर दुरुस्त व्हायलाच हवेत.


रविवार, २ फेब्रुवारी

कारण सापडलं.

येताना नेहमी असं होतं — घराशी आलो, की मी फाटक उघडायला उतरतो, नीलम गाडीत बसून राहते, मग गाडी आत. आज फाटक उघडंच होतं. सरळ आत घेतली. तिचं डोकं दुखत होतं, ती उतरून घरात गेली. मी काच पुसायला फडकं काढावं म्हणून तिच्या बाजूचा खण उघडला. तिची ओव्याची डबी, रुमाल, आणि त्यांच्या मागे, टेपच्या ढिल्या बाजूतून आलेला तो पांढरा प्लग. सुटलेला. खणात छान वळवून ठेवलेला.

खटका दाबल्याशिवाय निघत नाई.

मी हवा पाहतो तेव्हा ती गाडीत असते. मी फाटक उघडतो तेव्हा ती गाडीत असते.

फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. काच पुसली नाही.


सोमवार, ३ फेब्रुवारी

संताप! नुसता संताप! नवे स्पीकर घातले, क्लिपा तुटल्या, कोपर सोलवटलं, पिंजरा लावला, वलीनं मला वेड्यात काढलं, आणि ही शेजारी बसून बघत होती! बायको आहे की कोण! सरळ सांगायचं ना, की गाणी बंद करा, मला बोलायचं आहे!

सांगितलं होतं. किती वेळा तोंड उघडलं होतं तिनं.

प्लग मी परत बसवला. कट्ट झालं. ती आज शाळेतून आल्यावर ओवा घ्यायला गाडीपाशी गेली होती. तिनं पाहिलं असणार. आता तिला माहीत आहे, की मला माहीत आहे. जेवताना दोघंही वरणाकडे बघून जेवलो.


बुधवार, ५ फेब्रुवारी

आचलचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "पप्पा, आईला एकदा बोलू द्या ना."

म्हणजे हिलाही ठाऊक! मी म्हटलं, इथे फार आवाज आहे, नंतर बोलतो. दुकानात कुणीसुद्धा नव्हतं.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रविवारी जायचं की नाही? तब्येत बरी नाही म्हणावं का? दिवसभर हेच. दोनदा गाडीशी गेलो, दोनदा परत आलो.

नीलमनं नत्थुजींसाठी मेथीचे लाडू वळायला घेतले. गुडघ्यांसाठी. वळताना एक फुटला की परत सगळे सारखे करत बसते. मी दारात उभा राहून बघत होतो. तिनं वर पाहिलं नाही, पण एक लाडू बाजूला काढून माझ्याकडे सरकवला.


रविवार, ९ फेब्रुवारी

बडनेऱ्याला थांबलो, पण हवा पाहायला उतरलो नाही. खणातून टेपच्या मागे हात घालून खटका मीच दाबला. प्लग काढला. म्हटलं, बोल.

ती आधी रडली. मग बोलली. मी गप्प होतो, मूर्तिजापूर मागे गेलं तरी गप्प. बदली तिला नकोच होती, मी काही मनावरच घेत नाही म्हणून ती शेवटची वाट. "लेकीनं बलावलं तर बाप येत नसते वो. जवायानं बलवा लागते. बाबा तुमच्या तोंडाकडे पाहून राहिले इतके दिवस. तुमी एकदाही म्हटलं नाई!"

अकोल्यात चपला न काढताच म्हटलं, "बाबा, आमच्या घरी राहायला चला."

नत्थुजी गुडघ्यांवर हात ठेवून उठले, आत गेले आणि कॉटखालून पिशवी ओढून आणली. गच्च भरलेली.

"दिवाळीपासून भरून आहे, जवाईबुवा."